कोळी कोणाचा?

फ्रिजमध्ये ठेवलेलं इडलीचं पीठ फुगतं, हे मी पहिल्यांदा लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाहिलं. एरवी लेस्टरच्या घरी या पिठाची आम्ही काय काय मनधरणी करतो! ओव्हनमधला दिवा लावून ठेवायचा, पातेल्याला दुलईत गुंडाळायचं, शेजारी हीटर. एवढं करून सकाळी झाकण काढावं तर पीठ आमच्या इंग्रज शेजाऱ्यासारखं: थंड, सभ्य आणि काल होतं तिथेच. त्या दिवशी मात्र डोंगर चढून संध्याकाळी कॅरव्हॅनमध्ये परत आलो, फ्रिजचं दार उघडलं, तर पिठाने डब्याचं झाकण उचललं होतं. खालच्या कप्प्यातलं श्रीखंड त्याने पादाक्रांत केलं होतं आणि आता ते कोथिंबिरीच्या जुडीकडे सरकत होतं.

‘‘दहा वर्षांत इतकं सुंदर पीठ फुगलं नव्हतं,’’ बायको म्हणाली. मग तिला एकदम राग आला.

कॅरव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचं बिऱ्हाड. ‘‘लोक घर सोडून फिरायला जातात, तुम्ही घर घेऊनच जाता,’’ असं ठाण्याहून आमचे बाबा म्हणतात. आमची गाडी आठ वर्षं जुनी, फेब्रुवारीच्या शेवटी एका डीलरकडून नऊ हजार पौंडांना घेतलेली. आतला फ्रिज तीन तऱ्हांनी चालतो. घरच्यासारख्या 230 व्होल्टवर, ओढणाऱ्या मोटारीच्या 12 व्होल्टवर आणि गॅसवर. या गॅसवरच्या प्रकारावर माझा अजून नीट विश्वास बसलेला नाही. फ्रिजच्या मागे एक छोटी निळी ज्योत जळते आणि पुढे बर्फ होतो! कॉम्प्रेसर नाही, घरघर नाही. ज्योतीच्या आचेने पाण्यातला अमोनिया उकळून वर जातो, गार होऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा त्याची वाफ होते आणि ती होताना तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. स्टॉकहोममधल्या बाल्ट्झार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली ही करामत केली. चुलीवर बर्फ करायचा हे ज्या वयात सुचतं, त्या वयात मी कॅन्टीनची उधारी कशी बुडवावी याच्या विचारात होतो.

आमचा फ्रिज विजेवर गार व्हायचा, गॅसवर मात्र रुसायचा. टक्‌टक् ठिणगी पडायची, ज्योत पेटायची, दहा मिनिटांनी मुकाट्याने विझायची. आमच्या त्या माळावर विजेची सोय नव्हती. मे महिन्यातलं ऊन, दिवसभर बंद गाडी, विझलेला फ्रिज. यापेक्षा चांगलं उबदार कपाट इडलीच्या पिठाला कुठे मिळणार?

घरी आल्यावर डीलरला फोन केला. मी केला, हीच चूक. मी सुरुवात केली ती ‘‘त्रासाबद्दल क्षमस्व’’ने. त्याने ती क्षमा मोठ्या मनाने स्वीकारली आणि बिलावर ‘जशी दिसते तशी विकली’ असं छापलेलं आहे, हे लक्षात आणून दिलं. शिवाय फ्रिज काही आम्ही बनवत नाही, फ्रिजच्या कंपनीला फोन करा, म्हणाला. मी आभार मानून फोन ठेवला.

त्या रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सदस्य. लहानपणी आमच्या हॉलमध्ये दर महिन्याला पंचायतीचं सामान यायचं, आसपासची घरं आपापल्या यादीप्रमाणे घेऊन जायची, आणि बाबा तूरडाळीचं एकेक पाकीट घरच्या तराजूवर पुन्हा जोखायचे. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, ही गोष्ट मी शिवजन्माच्या गोष्टीच्याही आधी ऐकलेली आहे. बाबांनी पिठाबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘पावती कुठाय? आणि तिकडचा कायदा काय म्हणतो?’’

कायदा बायकोने वाचला. 2015 चा इथला ग्राहक हक्क कायदा. पहिल्या तीस दिवसांत वस्तू सरळ परत करता येते. ते दिवस गेले होते. पण पुढेही दुरुस्ती मागता येते, आणि ती विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने, वाजवी वेळात, गिऱ्हाइकाची फरफट न करता करून द्यायची. जबाबदारी विकणाऱ्याची, फ्रिजच्या कंपनीची नाही, कारण पैसे आपण त्याला मोजले. एका दुरुस्तीने भागलं नाही तर किंमत कमी करून मागा, नाहीतर वस्तू परत करा. ‘जशी दिसते तशी’ छापून व्यापाऱ्याला हे हक्क उडवता येत नाहीत. जुन्या मालाकडून जुन्याइतकीच अपेक्षा धरायची हे खरं, पण जुन्या फ्रिजनेही गार व्हायला हवं, एवढी अपेक्षा वाजवी आहे. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, सहा महिन्यांच्या आत बिघाड दिसला तर तो विकतानाच होता असं धरायचं. नव्हता, हे सिद्ध करायचं काम विकणाऱ्याचं.

‘‘म्हणजे आपण काहीच सिद्ध करायचं नाही?’’ मी म्हणालो. आयुष्यभर रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड आणि रेशनकार्डाला रहिवासी दाखला जोडलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

पुढचा फोन तिने केला. डीलरने नवा मुद्दा काढला: हा फ्रिज सपाटीवर असावा लागतो, तुम्ही गाडी तिरकी उभी केली असेल. हे शास्त्रशुद्ध होतं. अमोनियाला खरंच उतार चालत नाही. बायकोने त्याला पिठाचा फोटो पाठवला. ‘‘डब्याच्या चारही बाजूंनी सारखंच उतू गेलंय, बघा.’’ पाणपातळीसाठी इडलीचं पीठ वापरल्याचं इंग्लंडमधलं हे बहुधा पहिलंच उदाहरण.

मग त्याने कोळी बाहेर काढला. बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतात, ज्योत नीट पेटत नाही, नेहमीचंच आहे, आणि कोळी काही आम्ही विकत नाही. यातही तथ्य होतं. गॅसच्या बर्नरमध्ये कोळी घर करतात. मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘गाडी घेऊन तीन महिने झालेत. कायद्याने बघितलं तर तो कोळी तुमच्याकडूनच आलाय. नंतर आला असेल तर तसं दाखवून द्या.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. कोळ्याचा जन्मदाखला कुठून आणायचा, हा प्रश्न त्याला पडला असावा.

तरी पत्र लिहावंच लागलं. इंग्रजीत भांडायचं म्हणजे आवाज खाली आणायचा असतो, हे मला इथे येऊन कळलं. ‘थोडी अडचण झाली’ म्हणजे आपल्याकडची बाचाबाची. ‘आम्ही निराश झालो आहोत’ म्हणजे सात पिढ्यांचा उद्धार. बायकोने ‘अत्यंत निराश’ लिहिलं. मला टाइप करतानाही कापरं भरलं. खाली एकच साधं वाक्य: बयाणा क्रेडिट कार्डाने भरला आहे. इथल्या 1974 च्या कर्जविषयक कायद्यातलं कलम 75 असं की वस्तूची किंमत शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंत असेल, आणि थोडीशी रक्कम जरी कार्डावर दिली असेल, तरी पूर्ण व्यवहाराला कार्डवाली बँकही विकणाऱ्याइतकीच बांधली जाते. बँकेचं नाव निघताच डीलरच्या उत्तरात पहिल्यांदा ‘क्षमस्व’ आलं. या खेपेला ते त्याच्याकडून.

मंगळवारी त्याचा मेकॅनिक दारात आला. गाडीच्या बाहेरच्या अंगाची जाळी काढून, गुडघे टेकून तो आत टॉर्च मारत होता, आणि आम्ही दोघं मागे उभे, डॉक्टर एक्स-रे बघताना नातेवाईक उभे राहतात तसे. बर्नर लख्ख निघाला. दोष थर्मोकपलचा होता. ज्योतीच्या टोकाशी ही बोटभर कांडी असते. ज्योत विझली की तिने गॅस बंद करायचा. आमची कांडी ज्योत जळत असतानाच ती विझली असं समजत होती. त्याने नवी बसवली, चहा घेतला, इडली घेतली. कामाच्या कागदावर लिहिलं: ‘थर्मोकपल बदलला. कोळी आढळला नाही.’ बाबांनी त्या कागदाची प्रत मागवून फाइलला लावली.

परवा गाडी धुताना मला त्या जाळीच्या कोपऱ्यात एक बारीक कोळी दिसला, नुकता संसार मांडत असलेला. मी झाडू उचलला.

‘‘राहू दे,’’ बायको खिडकीतून म्हणाली. ‘‘ऑगस्टअखेरपर्यंत तो त्यांचाच आहे.’’