खांबेकर

लिव्हरपूलच्या आमच्या शेजाऱ्यांचं खरं नाव चांगलं सुटसुटीत इंग्रजी होतं, पण आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलं नाही. पहिल्याच महिन्यात बायकोने त्यांचं ‘खांबेकर’ असं बारसं करून टाकलं. ते इतकं चिकटलं की एकदा त्यांचं पार्सल आमच्या दारात आलं, तेव्हा मी त्या पोऱ्याला ‘खांबेकरांकडे द्या’ असं मराठीतून सांगून मोकळा झालो. आश्चर्य म्हणजे ते पोचलं.

नावाचं मूळ त्यांच्या मानेत होतं. खांबेकर एव्हर्टनचे. म्हणजे एव्हर्टन फुटबॉल क्लबचे समर्थक वगैरे नव्हेत. आपल्याकडे माणूस जसा देवरुखचा असतो, बार्शीचा असतो, तसे ते एव्हर्टनचे. गुडिसन पार्क या त्या क्लबच्या जुन्या मैदानात बुलन्स रोडच्या बाजूला त्यांची वर्षानुवर्षांची ठरलेली खुर्ची होती आणि त्या खुर्चीच्या पुढ्यात एक लोखंडी खांब होता. आर्चिबाल्ड लीच नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनभर स्टेडियमं बांधली आणि छप्पर तोलायला जागोजागी खांब रोवून ठेवले. गोल बघायचा तर मान डावीकडे कलती करावी लागे. तीस वर्षांत ती मान पुन्हा सरळ होण्याचा नाद सोडून बसली. मुलीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा खांबेकर जावयाच्या पलीकडे कुणाला तरी शोधत असल्यासारखे दिसतात.

मी हाडांचा डॉक्टर, तेव्हा ओळख झाली ती मानेवरूनच. 2007 चा ऑगस्ट होता, आमचं सामान अजून खोक्यांतच होतं. कुंपणावरून त्यांनी विचारलं, “डॉक, ही सरळ होईल का?” मी बघितलं, दाबलं, कारण विचारलं आणि म्हटलं, “जागा बदला.”

खांबेकर एकदम गंभीर झाले. “तोच तर प्रश्न आहे, डॉक,” म्हणाले. “त्यावर सध्या मतदान चाललंय.”

त्या दिवशी मला मानेबद्दल काही सांगता आलं नाही. त्यांनी मात्र मला टेस्कोच्या सुपरमार्केटचं क्षेत्रफळ, बसगाड्यांची ये-जा आणि नोझली नावाच्या शेजारच्या पालिकेची हद्द नेमकी कुठून जाते, हे तासभर सांगितलं. शहराच्या हद्दीबाहेर कर्बी गावात टेस्कोच्या भल्यामोठ्या दुकानाला जोडून पन्नास हजार खुर्च्यांचं नवं स्टेडियम बांधायचं, असा क्लबचा बेत होता. समर्थकांनी कौल दिला, 59 टक्के बाजूने. खांबेकरांनी कोणत्या बाजूने मत दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, त्यांनी पत्रिका परत पाठवताना सोबत दुरुस्त्या सुचवल्या असाव्यात.

फुटबॉलच्या चाहत्यांविषयी आपल्या मनात एक चित्र असतं. तोंडाला रंग, गळ्यात मफलर, हातात बिअर, कंठात शिव्या. हे सगळं खांबेकरांकडे होतं. पण मफलरच्या आत पालिकेचा बांधकाम विभाग दडलेला होता. सामना नव्वद मिनिटांत आटोपतो, त्यात पुन्हा एव्हर्टन हरतं. बांधकाम परवानगी वर्षानुवर्षं चालते आणि ती चालू असेपर्यंत कुणी हरत नाही. 1995 च्या एफए कपनंतर क्लबने मोठा करंडक म्हणून घरी आणलेला नाही. मग माणसाने बुद्धी लावायची कुठे?

गुडिसनजवळच्या एका पबात सामन्यानंतर त्यांची चौकडी बसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं होतं, पंचाला झोडपणं चालू असेल. टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर चार ग्लास ठेवलेले. त्यातले एक काका ‘सोडू नये’ पक्षाचे. गुडिसनच्या कोपऱ्याला सेंट ल्यूक्स चर्च आहे, अगदी स्टेडियमला खेटून. नव्या ठिकाणी चर्च कुठून आणणार, हा त्यांचा बिनतोड सवाल. दुसरे निवृत्त बसचालक. त्यांना स्टेडियम कुठेही चालणार होतं, फक्त पन्नास हजार माणसं सामना संपल्यावर घरी कशी जाणार ते आधी सांगा. हे गृहस्थ स्वतः चालत पाच मिनिटांवर राहत. तिसऱ्यांचं म्हणणं एवढंच की पैसे नाहीत. विषय कोणताही असो, ते ग्लासाच्या तळाकडे बघत “पैसे कुठायत?” म्हणत. गेल्या पंचवीस वर्षांत या टेबलावरचं सर्वांत अचूक भाकीत त्यांचंच, आणि म्हणूनच त्यांचं कुणी ऐकत नसे.

आणि खांबेकर? ते पक्षातीत. ते फक्त प्रक्रिया सांगत.

“डॉक, तुला वाटतं पालिकेने हो म्हटलं की झालं?” असं म्हणून ते माझ्यासाठी एक ग्लास मागवत; म्हणजे व्याख्यान लांबणार. नोझलीच्या पालिकेने 2008 साली हो म्हटलंही होतं. पण इंग्लंडात मोठं प्रकरण असलं की मंत्री ते ‘कॉल-इन’ करू शकतो, म्हणजे पालिकेच्या हातातून स्वतःच्या टेबलावर ओढून घेतो. मग सरकारी निरीक्षक येतो, जाहीर चौकशी बसते, वकील उभे राहतात. हे सगळं यथासांग झालं आणि 2009 च्या नोव्हेंबरात मंत्र्यांनी कर्बीचा बेत फेटाळला. शेजारच्या गावांतल्या दुकानदारीचा बट्ट्याबोळ होईल, हे एक मुख्य कारण. म्हणजे एव्हर्टनला कुणी बचावपटूने अडवलं नाही; ते वाणसामानाने अडवलं.

त्या संध्याकाळी मी सांत्वनाला गेलो तर खांबेकर निकालपत्राची छापील प्रत घेऊन बसलेले, पेन्सिलीने समासात खुणा करत. चेहऱ्यावर दुःख होतं, पण परीक्षकाचं. “परिच्छेद चांगला लिहिलाय,” म्हणाले.

याच काळात मी त्यांना एक साधा प्रश्न विचारून बसलो. आमच्या घरामागे कुणीतरी दुमजली बांधकाम काढणार होतं आणि खिडकीतून दिसणारं झाड झाकलं जाणार होतं. हरकत घेता येईल का? खांबेकरांनी मान होती तितकी ताठ केली. “उजेड अडला तर घे. तुझ्या न्हाणीघरात कुणी डोकावणार असेल तर घे. पण डॉक, दृश्य अडतं हा या देशात हरकतीचा मुद्दाच होत नाही. नजरेवर कुणाची मालकी नसते.” तीस वर्षं खांबामागे बसलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला भरून आलं.

खरं तर या साऱ्याला इतिहासच कारणीभूत आहे. एव्हर्टन मूळचं राहायचं अ‍ॅनफिल्डवर. होय, तेच अ‍ॅनफिल्ड. तिथेच 1891 मध्ये ते लीगचे विजेते झाले. मग जागेचा मालक जॉन हाउल्डिंगशी भाड्यावरून वाजलं, आणि 1892 मध्ये क्लबने बिऱ्हाड उचलून स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे हलवलं. रिकाम्या मैदानाचं करायचं काय, म्हणून हाउल्डिंगने नवा क्लब काढला. त्याचं नाव लिव्हरपूल. भाडेकरूने जागा सोडली आणि घरमालकाने तिथे जगप्रसिद्ध खानावळ काढली, असा हा प्रकार. तेव्हापासून जागा बदलायचं नाव काढलं की एव्हर्टनवाल्यांच्या पोटात गोळा येतो: आपण उठलो आणि मागे पुन्हा कुणीतरी येऊन बसलं तर?

जागा मात्र सारख्या बघणं चालूच. मुलगी दाखवावी तशा. मी येण्याआधी किंग्ज डॉक झालं होतं: नदीकाठ, सरकतं छप्पर, सगळं ठरलं आणि 2003 मध्ये पैशांवरून फिसकटलं (तिसरे काका). मग कर्बी. मग वॉल्टन हॉल पार्क, ते 2016 मध्ये सोडून दिलं. आणि मग ब्रॅम्ली-मूर डॉक.

इथे माझी पंचाईत झाली. खांबेकर मला ‘डॉक’ म्हणत, आणि आता त्यांच्या बोलण्यात दर वाक्याला दुसरा डॉक येऊ लागला. “डॉक, डॉक बुजवायचा म्हणजे खेळ नाही.” “डॉक, डॉकच्या भिंती वारसा यादीत आहेत.” जेसी हार्टलीने बांधलेली, 1848 साली उघडलेली ही गोदी शहराच्या जागतिक वारसा क्षेत्रात होती. 2019 च्या डिसेंबरात, नाताळच्या ऐन तोंडावर, क्लबने अर्ज दाखल केला. खांबेकरांच्या घरी त्या वर्षी टर्की करपली.

हिस्टॉरिक इंग्लंडने हरकत घेतली, व्हिक्टोरियन सोसायटीने घेतली. खांबेकरांनी दोन्ही वाचल्या. आक्षेप घेणाऱ्यांचा इतक्या मनापासून आदर करणारा पाठीराखा मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या सप्टेंबरात सुधारित आराखडा आला आणि त्यातून बहुमजली वाहनतळ गळाला, तेव्हा बसचालक काकांनी टेबल सोडलं. दोन महिने बोलणं बंद. दक्षिण बाजूच्या प्रेक्षागाराचा चढ 34.99 अंश ठेवलाय, कारण मर्यादा 35 ची आहे, हे मला खांबेकरांनी इतक्या वेळा सांगितलं की एकदा शस्त्रक्रियेत गुडघ्याचा कोन मोजताना मीच ‘चौतीस पॉइंट नव्व्याण्णव’ म्हणून गेलो.

2021 चा फेब्रुवारी. टाळेबंदी, पब बंद, स्टेडियमं रिकामी. 20 तारखेला एव्हर्टनने अ‍ॅनफिल्डवर जाऊन लिव्हरपूलला 2-0 हरवलं. 1999 नंतर पहिल्यांदा! मी रात्री कुंपणाशी धावलो. “अभिनंदन!” खांबेकर म्हणाले, “थांब, मंगळवारी समिती आहे.”

मंगळवारी, 23 तारखेला, पालिकेच्या नियोजन समितीने अर्ज एकमताने मंजूर केला. मी पुन्हा कुंपणाशी. “आता तरी?” ते म्हणाले, “कॉल-इन राहिलाय.” महिनाभर तो माणूस श्वास धरून होता. 26 मार्चला मंत्र्यांनी प्रकरण आपल्याकडे न घेण्याचं ठरवलं. हिरवा कंदील. आता ना कुणाची हरकत उरली, ना तारीख, ना चौकशी.

मी बाटली घेऊन गेलो. खांबेकर बागेत खुर्ची टाकून बसले होते. मुलीची पाठवणी झाल्यावर मांडवात एकटा उरलेला बाप असतो, तसे. बऱ्याच वेळाने म्हणाले, “झालं म्हणायचं.” आणि मग, जरा आशेने, “युनेस्को काय करतंय बघू.”

युनेस्कोने त्यांना निराश केलं नाही. जुलैत 13 विरुद्ध 5 मतांनी लिव्हरपूलचा जागतिक वारसा दर्जा काढून घेतला गेला. नदीकाठच्या नव्या बांधकामांबरोबर स्टेडियमचंही नाव कारणांत होतं. आजवर जगात असं फक्त तीन स्थळांचं झालंय. शहरात लोक हळहळले, चिडले. खांबेकरांचा आवाज मात्र किंचित अभिमानाने भरलेला वाटला. इतक्या वर्षांत एव्हर्टनची जागतिक पातळीवर कुणी दखल घेतलीच कुठे होती?

मग काम निघालं. समुद्रतळातून उपसलेली सुमारे 4,80,000 घनमीटर वाळू गोदीत ओतली. त्याआधी गोदीतले मासे जाळी लावून बाहेर काढले. “पुनर्वसन झालं का त्यांचं?” बायकोने विचारलं. तिचं माहेर कोयनाकाठचं. खांबेकरांनी तिला यथायोग्य उत्तर दिलं, कागद दाखवून.

24 ऑगस्ट 2025 ला नव्या स्टेडियममध्ये लीगचा पहिला सामना झाला. गुडिसनचं उद्‌घाटन 1892 च्या 24 ऑगस्टलाच झालं होतं, हे सांगायला खांबेकर विसरले नाहीत. माझ्यासाठी त्यांनी शेजारचं तिकीट काढलं होतं. पन्नास हजारांवर माणसं, मर्सी नदीवरून येणारा वारा, आणि समोर एकही खांब नाही. सगळं मैदान तळहातावर ठेवल्यासारखं. खांबेकर पहिली पाच मिनिटं बावरल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले आणि मग, सवयीने, मान डावीकडे कलती करून स्थिरावले. ब्रायटनविरुद्ध एव्हर्टनने गोल केला. सगळं स्टेडियम उठलं.

खाली बसताना मागच्या रांगेतल्या एका तरुणाने त्यांच्या खांद्यावर हलकेच टकटक केलं. “आजोबा, डोकं जरा सरळ ठेवता का? मला गोल दिसत नाहीये.”

खांबेकर सावकाश वळले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक मला दिसली.

“बाळ,” ते म्हणाले, “दृश्य अडतं हा या देशात हरकतीचा मुद्दा होत नाही.”