समकरणमीमांसा: घोडकाठ व भीमाकाठ यांच्या विशेष संदर्भात

ध्वनिमुद्रित वाणीचा कोणता अंश राखावा व कोणता छाटावा, याचा निर्णय करणाऱ्या शास्त्रास समकरणशास्त्र अशी संज्ञा आहे. त्याच्या उपकरणास लोकव्यवहारात इक्वलायझर म्हणतात. पॉडकास्टच्या उदयामुळे हे शास्त्र घोडकाठच्या शिरूर व भीमाकाठच्या दौंड तालुक्यांतील मागच्या खोल्यांपर्यंत पोहोचले. तथापि त्याची प्रादेशिक मीमांसा झालेली नाही. ती उणीव येथे दूर करण्यात येत आहे.

वाणीदोष चतुर्विध होत.

१. अधोगुर्गुर. ८० हर्ट्झच्या खाली वसणारा हा दोष वक्त्याच्या मुखातून उद्भवतच नाही. शिरूरला तो पुणे-नगर रस्त्यावरील अवजड वाहनांपासून, दौंडला मालगाडीपासून उपजतो. ५० हर्ट्झची वीज उभय तालुक्यांस समान आहे. पुरुषाचा मूळ स्वरही सामान्यतः ८५ हर्ट्झच्या वरच असल्याने येथे सरसकट छाटणी शास्त्रसंमत ठरते. विजेची गुणगुण मात्र १०० व १५० हर्ट्झवर संततिरूपाने उरते. तिची स्वतंत्र शांती करावी.

२. घटोदर. स्थान २०० ते ४०० हर्ट्झ. लक्षण: वक्ता रांजणात तोंड घालून बोलत असल्याचा भास. कारणे दोन: माइक ओठांना टेकवणे आणि खोलीच्या भिंती उघड्या असणे.

३. नासिक्य. १००० हर्ट्झच्या आसपास. सर्दी उतरेपर्यंत थांबावे.

४. सीत्कार. ५००० ते ८००० हर्ट्झ. सकार आणि 'चोर', 'चाक' यांतील दंत्य चकार ही याची उगमस्थाने. ऊसपट्ट्यातील निवेदकास या दोषापासून मोक्ष नाही, कारण 'सहकारी साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा' एवढ्या एकाच पदसमूहात पाच सकार आहेत. हा पट्टा सर्वकाळ खोल छाटल्यास सभासदांचे 'थभाथद' होतात. म्हणून सकार उच्चारला जाईल त्या क्षणापुरतेच दमन विहित आहे.

दोषनिवारणाविषयी दोन पंथ संभवतात. घोडकाठचा छेदपंथ वजाबाकीस प्रमाण मानतो. त्याचा विधी असा: एक अरुंद पट्टा दहा डेसिबलने उंचवावा, तो हळूहळू सरकवावा, जेथे आवाज सर्वाधिक असह्य होईल तेथे थांबावे आणि तेथेच तीन-चार डेसिबल कापावेत. दोषास प्रथम सन्मानाने वर आणून मग त्याचा छेद करणे, हे या पंथाचे नीतिवैशिष्ट्य होय. भीमाकाठचा वृद्धिपंथ ३००० हर्ट्झच्या परिसरात दोन-तीन डेसिबल वाढवतो, जेणेकरून ऊसवाहू ट्रॅक्टरच्या चालकास मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही शब्द कळावा. हेतू स्तुत्य आहे. याच पंथाची 'आकाशवाणीय' उपशाखा १५० हर्ट्झ वाढवून कोणत्याही कंठात बातमीपत्राचे गांभीर्य उत्पन्न करू पाहते. तिच्या अनुयायांस घटोदर जडतो.

प्रस्तुत लेखकाचा कौल छेदपंथास आहे. वाढवलेला ध्वनी मोठा ऐकू येतो आणि मोठा ध्वनी कानास चांगला भासतो. हा भ्रम आहे. पूर्वीचे व नंतरचे मुद्रण समान पातळीवर आणून ताडल्यास वृद्धिपंथाचा अर्धा युक्तिवाद कोसळतो. घोड नदी पुढे भीमेस मिळते; पंथांविषयी तसे म्हणता येत नाही.

प्रतिध्वनी या शास्त्राच्या अधिकारकक्षेबाहेर आहे. भिंतीवरून परतलेला आवाज वक्त्याच्याच वारंवारतांचा बनलेला असल्याने एकास कापता दुसराही कापला जातो. त्यावर गोधडी हाच उपाय. ती मुद्रणापूर्वी वक्त्याच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंस टांगावी. जितकी जाड, तितकी श्रेयस्कर. चार जुन्या गोधड्या जे साधतात ते कोणत्याही इक्वलायझरच्या सर्व कळा मिळून साधत नाहीत, हे नमूद करणे समकरणशास्त्रज्ञास क्लेशदायक असले तरी प्राप्त आहे.

उरला रेल्वेचा भोंगा. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंड जंक्शनवर इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकास न्यावे लागे. कॉर्ड लाइनमुळे आता काही गाड्या जंक्शनला वळसा घालून परस्पर जातात. समकरणाच्या दृष्टीने मात्र भोंगा तेथेच आहे: त्याचा स्वर मानवी वाणीच्याच पट्ट्यात पडतो आणि त्याच्यासह निवेदकही छाटला जातो. दौंडकरांनी गाडी जाऊ द्यावी व ते वाक्य पुन्हा म्हणावे.