ऑल्ट दाबून धर

तुमच्याकडे तो कोण आहे, मला ठाऊक नाही. मेहुणा असेल, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा असेल. आमच्या इमारतीत नाना आहेत. तुम्ही त्यांना साधं विचारा, "नाना, बारशाचे फोटो काळपट आलेत, जरा उजळ कसे करायचे?" लाइटरूममध्ये एक्स्पोजर नावाची पट्टी समोरच असते. ती उजवीकडे ओढली की झालं, हे आमच्या धाकट्यालाही येतं. पण नाना आधी चष्मा पुसतात, मग तुम्हाला उठवून तुमच्या खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "ओढतात सगळेच. ऑल्ट दाबून धर, आणि मग ओढ."

ऑल्ट दाबून धरला की बारसं नाहीसं होतं. अख्खा पडदा काळाठिक्कर. बाळ नाही, पाळणा नाही, नाव ठेवणारी आत्या नाही.

"नाना, फोटो गेला!"

"गेला नाही. ओढत राहा. जिथे ठिपके उगवतील, तिथला तपशील जळाला असं समज."

ठिपके नेमके बाळाच्या टोपड्यावर उगवतात. "टोपडं जळालं बघ," नाना समाधानाने जाहीर करतात, आणि आतून आजी हातातलं लाटणं घेऊन धावत बाहेर येते.

मग ब्लॅक्सची पट्टी. तिला ऑल्ट लावला की उलटा प्रकार, पडदा पांढराफटक आणि त्यावर काळे डाग. अर्धा तास असा अंधार-उजेड झाल्यावर नाना सहज सांगितल्यासारखं सांगतात की व्हाइट्स या शब्दावर शिफ्ट धरून डबल क्लिक केलं, तर सॉफ्टवेअर आपलं आपणच माप ठरवतं. मग हे आधी का नाही सांगितलंत? "तुला शिकायचं होतं ना?"

शिकायचं नव्हतं. आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा होता.

या जातीच्या माणसाला फोटोशी फारसं देणंघेणं नसतं. नानांनी गेल्या कित्येक वर्षांत स्वतः एक फोटो काढलेला मी पाहिलेला नाही. त्यांना हवा असतो तो दुसऱ्याचा फसलेला फोटो आणि त्याच्या बाजूला बंद असलेली एखादी चौकट. शार्पनिंगच्या मास्किंगवर ऑल्ट दाबला की पांढऱ्या रेघांचं चित्र दिसतं, जिथे पांढरं तिथेच धार चढते. फोटोशॉपच्या चौकटीत ऑल्ट दाबला की 'कॅन्सल'चं 'रीसेट' होतं. माझ्या मुलीने मॅक घेतला आणि त्यावर ऑल्टला ऑप्शन म्हणतात असं सांगितलं, तेव्हा नानांनी तिच्याकडे धर्म बदललेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघितलं.

पण त्यांचं खरं दैवत आहे 'ब्लेंड इफ'. हे ऐकायला तुम्हाला बसावं लागेल, कारण आम्ही सगळे बसलो आहोत. फोटोशॉपमध्ये लेअरवर डबल क्लिक करायचं. नावावर नाही. ("नावावर केलंस तर ते नाव बदल म्हणतं. मला काय बारसं करायचंय का?") नावाच्या उजवीकडे जी रिकामी जागा असते, तिथे. मोठी चौकट उघडते. तिच्यात सावल्या, कडा, चमक असलं बरंच काही असतं, ते नवशिक्यांसाठी. तळाशी दोन करड्या पट्ट्या आणि त्यांच्याखाली बारीक त्रिकोण. त्रिकोण सरकवला की वरच्या थरातला ठरावीक उजेडाचा भाग गळून पडतो, पण फाडल्यासारखा, ओबडधोबड. इथे नाना थांबतात. कीर्तनकार आख्यान लावायच्या आधी थांबतो, इतका वेळ थांबतात.

"आता?" आपण विचारायचं असतं. न विचारल्यास ते पुन्हा लेअरच्या नावापासून सुरू करतात.

"आता ऑल्ट दाबून धर."

त्रिकोण मधोमध दुभंगतो. एक अर्धा इकडे, एक तिकडे, आणि फाटलेली कड धुक्यासारखी विरघळते. त्रिकोणाच्या पोटातली केसाएवढी रेघ सोडली, तर असं काही होऊ शकतं हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. मानायची इच्छा नाही, पण सुंदर दिसतं ते.

घराबाहेरही हेच. बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, सिस्टीममध्ये ऑप्शनच नाहीये," तर नाना काउंटरवरून वाकून, "राइट क्लिक करून बघितलंत का?" लिफ्ट अडकली तरी बटण सोडत नाहीत, दाबून धरतात. आमच्या हिला स्नॅपसीड शिकवलं, तेव्हा बोट आडवं फिरवलं की प्रमाण बदलायचं आणि उभं फिरवलं की लपलेली यादी उघडायची. हिने ते एका मिनिटात आत्मसात केलं. नाना दोन दिवस हिरमुसले होते.

त्यांनी मला एकदा आंब्याच्या पेटीचा फोटो घेऊन रंगांचं पॅनेल समजावलं होतं. पॅनेलच्या कोपऱ्यात एक इवलंसं वर्तुळ असतं. ते उचलून थेट आंब्यावर टेकवायचं आणि वर ओढायचं, की नारिंगीची ल्युमिनन्स आपोआप वाढते, आंबा झळाळतो. "आणि लक्षात ठेव," नाना म्हणाले, "माणूस कोकणातला असो की काश्मीरचा, याच्या लेखी कातडी नारिंगीच. हापूसला जी पट्टी, तीच माणसाला." तेव्हा मी जांभई दिली होती.

नाना उमेदीच्या काळात एका स्टुडिओत होते, डार्करूममध्ये. निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या भरायच्या, कृष्णधवल फोटोंना हाताने रंग द्यायचा. एन्लार्जरच्या उजेडात तारेच्या टोकाला लावलेली पुठ्ठ्याची चकती हलवत राहायची, म्हणजे कागदावर चेहरा उजळ राहतो. मुठीच्या फटीतून उजेड सोडला, की तेवढाच भाग गडद होतो. फोटोशॉपमध्ये 'डॉज'च्या चित्रात ती चकती आहे आणि 'बर्न'च्या चित्रात तो हात. नॉल बंधूंचं ते सॉफ्टवेअर 1990 साली बाजारात आलं. पुढे स्टुडिओत संगणक आला आणि नाना त्याच्यासमोर बसले, ते पहिल्याच दिवशी आपला हात बघून. (डॉज हातात असताना ऑल्ट दाबला की बर्न होतो. हे मी सांगितलं नसतं, तर त्यांनी गाठून सांगितलं असतं.)

गेल्या वर्षी आमची माईआत्या गेली. तसबिरीला फोटो शोधला तर एकही नाही. सगळ्या कार्यांत ती आत पुऱ्या तळत होती. अखेर कुणाच्या तरी मुंजीचा एक ग्रुप फोटो सापडला. त्यात ती तिसऱ्या रांगेत, मांडवाच्या खांबाच्या सावलीत, पुढच्या माणसाच्या खांद्याआड. नानांनी तो स्कॅन करून घेतला आणि रात्री उशिरापर्यंत काम केलं. खांदा काढला, पदराची कड पुन्हा बसवली, सावलीतून चेहरा हळूहळू वर आणला. मी शेजारी होतो. ऑल्ट बऱ्याचदा दाबला गेला, पण तोंडाने एकदाही नाही. हनुवटीवरचं गोंदण पुसट दिसायला लागलं, तेव्हा फक्त म्हणाले, "हे होतं ना तिला?"

होतं.

आत्येबहीण बघायला आली. रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "सगळं छान झालंय, नाना. फक्त आईला जरा गोरी करा ना."

माईआत्या काळी होती. चांगली, ठसठशीत काळी.

"नाही गं जमायचं," नाना म्हणाले. "या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच नाहीये."

रंगांचं पॅनेल समोर उघडं होतं. नारिंगीवर माउस होता. नानांनी एक क्लिक करून ते मिटलं.

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर माईआत्या आली ती दुधासारखी गोरी, गाल गुलाबी, गोंदण गायब. भिंतीवर मात्र नानांचीच लागली, कारण ती आधीच फ्रेमवाल्याकडे गेली होती. मी नानांना फोन दाखवला. आता फटाका फुटणार म्हणून वाट बघत होतो. त्यांनी चष्मा पुसला, फोन नाकापाशी नेला.

"कुठून केलं हिने? कुठे दडवलेलं असतं हे बटण?"

"दडवलेलं नाही, नाना. फोटो उघडला की पहिलंच. मोठं, मधोमध."

"समोरच?" नानांनी विचारलं, आणि अ‍ॅपचं नावही न विचारता फोन परत दिला.