सदाशिव पेठेची प्रदक्षिणा

परदेशातून हिंदुस्थानात येऊन स्वतः मोटार हाकण्याची हौस बाळगणाऱ्या सद्गृहस्थाची कायद्याने पुष्कळ बरी सोय केलेली आहे. १९४९ साली जिनिव्हा येथे राष्ट्राराष्ट्रांत रस्तेवाहतुकीचा जो करार झाला, त्याअन्वये स्वदेशातून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन निघालेल्या माणसास, करारात सामील असलेल्या दुसऱ्या मुलखात एक वर्षाच्या मुदतीपर्यंत वाहन चालविण्याची मुभा मिळते. अमेरिका त्या करारात आहे, आपले सरकारही आहे. सदाशिव पेठ मात्र नाही. त्या वेळी तिला कोणी विचारले नव्हते, आणि ज्या बाबतीत आपले मत घेण्यात आले नाही ती बाब आपल्यावर बंधनकारक नाही, हा या पेठेचा पेशवाईपासूनचा दंडक आहे.

आमच्याकडे उतरलेल्या अमेरिकन प्राध्यापकांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मराठी दफ्तरांचा अभ्यास हा त्यांचा विषय, आणि त्यांची मराठी मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीवर पोसलेली असल्यामुळे ते रिक्षावाल्यासही, ‘आपली स्वारी कोणीकडे?’ असे अदबीने विचारीत व त्याच्या चेहऱ्यावरील विस्मयाचा अर्थ आदर असा लावीत. आपल्या परवान्याविषयी खात्री करून घेण्यासाठी ते संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन आले आणि अत्यंत प्रसन्न मुद्रेने परतले. कारण १७८६ साली पुण्यास आलेला पहिला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याला राहण्यास जी जागा मिळाली तीही संगमावरचीच, आणि परदेशी माणसाच्या कागदांचा विचार अद्याप त्याच परिसरात होतो, यात त्यांना इतिहासाचे सातत्य दिसले. मॅलेटला शहराबाहेर ठेवण्यात पुणे दरबाराचे राजकारण होते असे समजण्याची रीत आहे. माझे मत निराळे आहे. त्याच्या पालखीला पेठांतून वाट काढण्याचा प्रसंग येऊ नये, इतपत भूतदया त्या काळच्या मुत्सद्द्यांपाशी असावी.

आता प्रश्न उरला तो डाव्या-उजव्याचा. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात, आपल्याकडे डाव्या. आणि चाळीस वर्षे हाताला लागलेली सवय एका विमानप्रवासात सुटत नाही, म्हणून प्राध्यापकमहाशयांनी रात्री जेवणानंतर या विषयावर आमच्या थोरल्या बंधूंशी विचारविनिमय आरंभिला. स्वीडन देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, आणि तीही १९५५ च्या सार्वमतात जनतेने प्रचंड बहुमताने नकार दिला असताना नेली, हा वृत्तान्त त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितला. बंधूंनी तो शांतपणे ऐकून घेतला, सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि म्हणाले, “आमच्यावर तसला प्रसंग येणार नाही. आमच्याकडे दोन्ही बाजू पहिल्यापासून चालू आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासास प्रारंभ झाला. प्रस्थान शनिपाराजवळच्या आमच्या बिऱ्हाडातून, गंतव्य भारत इतिहास संशोधक मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेली ही संस्था आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे, ही गोष्ट आमच्या मातोश्रींनी निघताना पुन्हा एकवार निदर्शनास आणली. परंतु ज्या देशात माणसे कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकावयासही मोटारीने जातात त्या देशाच्या नागरिकास दहा मिनिटे पायी जाणे हे दारिद्र्याचे लक्षण वाटते. शिवाय येताना छापील खंडांचे गाठोडे आणावयाचे होते. बंधूंची छोटी मोटार काढण्यात आली. प्राध्यापकमहाशय प्रथम डाव्या दाराने आत शिरले, समोर चक्र नाही हे पाहून क्षणभर स्तब्ध झाले, बाहेर आले आणि उजवीकडून पुन्हा शिरले. मी त्यांच्या शेजारी बसलो. बंधू मार्गदर्शक म्हणून मागे बसले, म्हणजे मार्ग सोडून इतर सर्व बाबतींत त्यांचे मार्गदर्शन होऊ लागले.

गल्लीच्या तोंडाशीच पहिला मुक्काम पडला. अमेरिकेत दिवे नसलेल्या चौरस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी थांबण्याची आज्ञा देणारी तांबडी पाटी असते. चारी बाजूंची वाहने तेथे येऊन थांबतात, आणि जो आधी आला तो आधी जातो. ही शिस्त अंगी मुरलेली असल्यामुळे बाजीराव रस्त्याच्या तोंडाशी आमचे सारथी थांबले व आपली पाळी येण्याची वाट पाहू लागले. पाळी येईना. स्कूटरी गेल्या, टेम्पो गेले, उसाच्या रसाचे गुऱ्हाळ लादलेली हातगाडी गेली. शेवटी मागच्या आसनावरून बंधू म्हणाले, “पाळी येत नसते हो. घ्यायची असते.” हे वाक्य प्राध्यापकांनी नंतर आपल्या टिपणवहीत उतरून घेतले.

बाजीराव रस्त्याला लागताना त्यांनी वळण्याची खूण म्हणून चक्राखालची डावी दांडी ओढली. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत ही खूण उजव्या दांडीने होते आणि डाव्या दांडीने काच पुसणारे हात हलू लागतात. त्यामुळे भर वैशाखात, लखलखीत उन्हात, आमची मोटार काच पुसत मुख्य रस्त्यावर अवतीर्ण झाली. शेजारून जाणाऱ्या एका सायकलस्वाराने, वेग किंचितही कमी न करता, “सिमला ऑफिसात कळवा, पाऊस आला म्हणून!” असा सल्ला दिला. पुण्याची वेधशाळा कोठे आहे हे पाहुण्यांना समजावून सांगेपर्यंत आम्ही एका वृद्ध गृहस्थांच्या पुढ्यात येऊन ठेपलो होतो.

धोतर, कोट, हातात पिशवी असे हे आजोबा उजवा तळवा वाहतुकीपुढे धरून रस्ता ओलांडीत होते. या तळव्यास सदाशिव पेठेत राजमुद्रेची किंमत आहे. त्याने मोटार थांबत नाही, परंतु ती कोणत्या अंगाने वळसा घालून जाणार हे उभयपक्षी आपोआप ठरते. प्राध्यापकांनी पायी चालणाऱ्याचा अग्रहक्क मानून मोटार सपशेल थांबविली आणि हसून हाताने ‘पुढे व्हावे’ अशी विनंती केली. आजोबाही थांबले. मोटार आपण होऊन थांबते यात काहीतरी डाव असला पाहिजे, ही शंका त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटली.

“तुम्ही जा आधी,” आजोबा म्हणाले.

“छे, छे, आपण मार्गस्थ व्हावे,” प्राध्यापक उत्तरले.

शुद्ध मराठीत आलेले हे उत्तर गोऱ्या मुखातून बाहेर पडलेले पाहताच आजोबा रस्ता ओलांडण्याचा विचार सोडून मोटारीच्या खिडकीपाशी आले. “कुठले आपण? मराठी कुणाकडे शिकलात?” मागे तोवर शनिपारापर्यंत रांग लागली होती व तिच्यातून विविध स्वरांचे शिंग फुंकले जात होते. आजोबांनी मागे वळून त्या समुदायास उद्देशून, “जरा थांबा की! पाहुण्यांशी बोलतोय,” असे सुनावले, आणि आश्चर्य असे की मोटारीच्या नम्रतेने जी रांग खवळली होती ती या दटावणीने काही क्षण निमूट झाली. आज्ञा कोणाची मानावयाची हे येथे खात्यावरून ठरत नाही; आवाजावरून ठरते.

पूरम चौकात उजवीकडे वळावयाचे होते. वाचकांनी येथे अमेरिकन माणसाच्या मनोवस्थेचा सहानुभूतीने विचार करावा. त्याच्या देशात उजवीकडे वळणे हे सर्वांत सोपे काम. रस्त्याच्या कडेकडेने अंग चोरून वळावयाचे, इतके सोपे की बहुतेक ठिकाणी तांबडा दिवा असतानाही थांबून, पाहून, तसे वळण्यास परवानगी असते. आपल्याकडे तेच वळण म्हणजे समोरून येणारी अक्षौहिणी कापून पलीकडे जाणे. आम्ही ती कापली. कशी, ते मला सांगता येणार नाही, कारण त्या अवधीत माझे डोळे मिटलेले होते. बंधूंचे उघडे होते, पण ते सारसबागेकडे पाहत होते.

टिळक रस्त्यावर मंडळाकडे नेणारी गल्ली उजव्या हाताला आली आणि गेली. तिच्यात शिरण्यासाठी पुन्हा तसेच दिव्य करावे लागणार होते, आणि सारथ्याची त्यास मानसिक तयारी नव्हती. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या वास्तूस त्यांना उतरून वंदन करावयाचे होते. परंतु वंदनापुरती मोटार उभी करण्यास जागा मिळणे या रस्त्यावर साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद मिळण्याहून अवघड असल्याने ते चालत्या मोटारीतूनच झाले. मग अलका चौक आला. समोर लकडी पूल दिसू लागताच बंधू प्रथमच सावरून बसले व म्हणाले, “पुलावर जाऊ नका हं. पूल ओलांडलात की गेलात डेक्कनला, मग आज येणं होत नाही.” ज्यांच्या नावाने ही पेठ वसली ते सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले ते १७६१ च्या पानिपतावरून परतले नाहीत, आणि लकडी पुलाचा संबंध लोक त्याच पानिपताच्या दुःखाशी जोडतात, ही माहिती पाहुण्यांस होती. त्यांनी तत्परतेने उजवी धरली.

अशा रीतीने आम्ही कुमठेकर रस्त्याने पूर्वेकडे वाहू लागलो. वाहू लागलो म्हणण्याचे कारण असे की हा रस्ता एकेरी आहे. तेथे मागे फिरणे माणसाच्या हाती नाही. अनंत चतुर्दशीस या रस्त्यावरून अलका चौकाकडे, म्हणजे रहदारीच्या नियमाच्या थेट विरुद्ध दिशेने, मिरवणुकीने जाण्याचा अधिकार एका गजाननास आहे. इतर सर्व देवतांना व मनुष्यांना चौकातील पोलिसास, म्हणजे पेठेच्या भाषेत मामांना, उत्तर द्यावे लागते. आणि मग, बाजीराव रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता अशी तिन्ही बाजूंची यात्रा पूर्ण करून, आम्ही पुनश्च शनिपारापाशी प्रकट झालो. मातोश्री गॅलरीत तूर निवडीत होत्या. त्यांनी हातही थांबविला नाही.

प्राध्यापकमहाशय मात्र विचारात पडले होते. “आपण उजवी घालून आलो,” ते म्हणाले. “ही प्रदक्षिणा झाली.” खरेच होते. शहरातील एकेरी वाहतूक ज्याने आखली तो पुरुष कोणत्याही खात्यातला असो, त्याने सदाशिव पेठेभोवती शास्त्रोक्त प्रदक्षिणेचा मार्ग आखलेला आहे. “परंतु,” पाहुणे पुढे म्हणाले, “शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालावयाची असते ना? सोमसूत्र न ओलांडता आल्या वाटेने परत फिरावयाचे. मग सदाशिवाला पूर्ण कशी?” या प्रश्नावर बंधू बराच वेळ गप्प राहिले, आणि आमच्या कुटुंबात हा प्रसंग अपूर्व आहे. अखेरीस त्यांनी निर्णय दिला की शास्त्राचा आधार बिनतोड आहे, पण आल्या वाटेने परत फिरल्यास पावती फाडतात.

दुसऱ्या फेरीत गल्ली साधली. तिचा तपशील मी देत नाही. धैर्य पाहुण्यांचे होते, शिव्या सर्वांच्या होत्या. मंडळाच्या जवळपास मोटार लावण्याचा प्रश्न तेव्हा उभा राहिला. पुण्यातील पुष्कळ रस्त्यांवर सम तारखेस एका बाजूस व विषम तारखेस दुसऱ्या बाजूस वाहने लावण्याची तजवीज आहे, आणि पी-१, पी-२ अशा पाट्यांवर ती जाहीर केलेली असते. जागा सापडली ती एका जुन्या वाड्याच्या फाटकालगत. फाटकावर, येथे वाहन लावल्यास चाकांतील हवा सोडण्यात येईल व ती परत मिळणार नाही, अशी सूचना होती. प्राध्यापक तिची नक्कल करून घेत असतानाच वाड्याचे मालक बाहेर आले.

“वाचता येतं ना?”

“येते. मोडीही येते.”

यावर मालकांनी चष्मा कपाळावर चढविला. कोणत्या विषयाचे संशोधन, कोणत्या सालचे कागद, कोणत्या रुमालातले, अशी त्यांनी कसून उलटतपासणी केली; पाहुण्यांच्या प्रबंधातील एक तिथी चुकलेली आहे असे ठासून सांगितले, आत जाऊन पंचांगाचे बाड आणून ते सिद्ध करण्याचा यत्न केला, चहा पाजला, आणि तिथीचा वाद अनिर्णित राहिल्यावर पाऊण तासाने म्हणाले, “तुमचं सगळं खरं. पण गाडी काढा.” या पेठेचा न्याय हा असा आहे: माणसाचा सत्कार होईल, त्याच्या वाहनाचा होणार नाही.

मोटार शेवटी जेथे लागली तेथून मंडळ पायी अकरा मिनिटांवर होते.

त्यानंतर पाहुण्यांनी इतर साधनांचाही अनुभव घेतला. वहिनींच्या स्कूटरवर मागे बसून ते एकदा तुळशीबागेपर्यंत गेले, आणि जाताना शिरस्त्राण घालून बसल्यामुळे अर्ध्या गल्लीचे प्रेक्षणीय स्थळ झाले. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी शिरस्त्राणाची सक्ती अंमलात आणली तेव्हा या शहरात तिच्याविरुद्ध कृतिसमिती व निदर्शने झाली होती, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वहिनींकडून त्यांना एक मौलिक कायदेशीर तत्त्वही मिळाले. एकेरी रस्त्यावर उलट जावयाचे असल्यास खाली उतरून यंत्र बंद करावे व स्कूटर हाताने ढकलीत न्यावी. त्या क्षणापासून आपण वाहनचालक नसून पादचारी होतो व मामा दुसरीकडे पाहतात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी दिवाणी न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून मंडईच्या स्थानकात उतरून पेठेत चालत येण्याची सोय झालेली आहे, तीही त्यांना फार आवडली. जमिनीच्या पोटात दोन्ही दिशांनी जाता येते आणि कोणी तिथी विचारीत नाही, असे त्यांनी घरी पत्रातून कळविले. पण मंडळाच्या कामाला ते पुढे पायीच जात राहिले, व बंधूंची मोटार त्यांनी पुन्हा मागितली नाही.

ज्यांच्याकडे परदेशाहून कोणी येणार असेल, आणि त्यास स्वतः मोटार चालविण्याची उमेद असेल, त्यांना एवढेच सांगावयाचे आहे की परवान्याची मुदत पाहण्याआधी दिनदर्शिका पाहावी. सम-विषमाच्या तजविजीत एकतीस तारीख विषम आणि पुढली एक तारीखही विषमच. म्हणून एकतिशीच्या महिन्याअखेरीस योग्य बाजूस लावलेली मोटार दोन दिवस निर्धास्त राहते. दोन तारखेस मात्र सकाळी लवकर उठून ती पलीकडे न्यावी. मामा वेळेवर येतात.