कॅनडाचा अनुभव : कॅनडात नोकरी नसताना तो कसा मिळवावा

प्रस्तुत मार्गदर्शन मिसिसागा, ब्रॅम्प्टन किंवा स्कारबरोच्या एखाद्या भाड्याच्या तळघरात नुकत्याच बॅगा उघडलेल्या कुशल स्थलांतरितांसाठी आहे. अकुशलांनी वाचण्याची गरज नाही. त्यांना काम मिळतं.

सर्वप्रथम आपण इथे कसे आलो हे आठवावं. १९६७ साली कॅनडाने गुणपद्धत आणली आणि माणूस कुठून आलाय यापेक्षा त्याला काय येतं हे मोजायचं ठरवलं. फेडरल स्किल्ड वर्करच्या तक्त्यात १०० पैकी ६७ गुण लागतात. परदेशातल्या सहा किंवा अधिक वर्षांच्या अनुभवाला त्यात १५ गुण आहेत. तुमची पदवी कॅनडाच्या पदवीच्या तोडीची आहे, असा दाखला तुम्ही डॉलर मोजून घेतला. इंग्रजीची परीक्षा दिली. चाकणच्या कारखान्यातल्या बारा वर्षांची पत्रं एचआरच्या मागे लागून मिळवली. सरकारने हे सगळं तपासलं, मान डोलावली आणि तुम्हाला आत घेतलं. आता टोरंटोच्या पिअरसन विमानतळाबाहेर पडताच ही बारा वर्षं नोटाबंदीनंतरच्या जुन्या पाचशेच्या नोटेसारखी समजावीत. नोट खोटी नाही, फक्त कुणी घेत नाही. ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का?’ हा प्रश्न येईल तेव्हा सरकारने दिलेले १५ गुण दाखवू नयेत. ते सरकारचे होते.

पहिलं काम रेझ्युमेच्या शुद्धीचं. फोटो काढावा. जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित असल्याचा उल्लेख, ‘छंद : वाचन, संगीत ऐकणे’, सगळं काढावं. ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. स्थळ : पुणे’ ही तळाची प्रतिज्ञाही काढावी. उरेल ते दोन पानांत बसवावं. मग दुसरा रेझ्युमे करायला घ्यावा, कारण घरभाडं महिन्याच्या एक तारखेला द्यायचं असतं. हा गोदामासाठी. यात एम.टेक. दडवावं, ‘डेप्युटी मॅनेजर’ला ‘टीम मेंबर’ करावं, आणि हाताखाली चाळीस माणसं होती हे तर बायकोलाही फोनवर मोठ्याने बोलू देऊ नये. पहिल्या रेझ्युमेवर अनुभव नाही म्हणून नकार येतो, दुसऱ्यावर ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणून. दोन्ही नकार एकाच दिवशी आले, तर तो योग समजावा.

नावाचं काय करायचं, हे काही जण दबक्या आवाजात विचारतात. यावर शास्त्राधार आहे. टोरंटो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ फिलिप ऑरिओपोलस यांनी टोरंटोतल्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. इंग्रजी नाव, कॅनडाचं शिक्षण आणि कॅनडाचा अनुभव असलेल्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी, भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नाव आणि परदेशी शिक्षण-अनुभव असलेल्यांच्या तिपटीहून अधिक आली. ब्रिटनमधून आलेल्या उमेदवारांच्या अर्जांना मात्र फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ कॅनडाचा अनुभव बर्मिंगहॅमलाही मिळतो. चाकणची हवा त्याला मानवत नसावी. आणखी एक निष्कर्ष असा की उत्तम भाषा, बहुराष्ट्रीय कंपनीतलं काम, नावाजलेलं कॉलेज किंवा सामाजिक उपक्रम यांचा उल्लेख अर्जात केला तरी भेदभाव कमी झाला नाही. म्हणून पुढे नेमकं हेच सगळं करण्याचा सल्ला दिला आहे.

समाजसेवा करावी. फुकट केलेलं काम इथे अनुभव म्हणून धरतात. पगार घेऊन भारतात केलेलं धरत नाहीत. फूड बँकेत डबे लावावेत आणि रेझ्युमेत त्याला ‘इन्व्हेंटरी’ म्हणावं. तिथेही आधी मुलाखत असते आणि इथल्या दोन माणसांचे संदर्भ मागतात, हे ऐकून खचू नये.

नेटवर्किंगसाठी कॉफी चॅट करावं. अनोळखी माणसाला लिंक्डइनवर गाठून वीस मिनिटं मागावीत. नियम एकच : नोकरी मागायची नाही. तुम्हाला नोकरी हवी आहे हे त्याला ठाऊक असतं, त्याला ठाऊक आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि दोघं मिळून कंपनीच्या संस्कृतीबद्दल बोलतात. मराठी मंडळींत हे वळसे नाहीत. गणेशोत्सवात मोदकाची ताटली हातात असताना कुणीतरी काका विचारतातच, ‘काय रे, लागलास का कुठे? रेझ्युमे टाकून ठेव मला.’ टाकून ठेवावा. तो ठेवलेलाच राहतो. पुढच्या गणपतीत ते पुन्हा विचारतील आणि वर सांगतील, ‘पहिली दोन वर्षं सगळ्यांनाच काढावी लागतात रे.’ त्यांनीही काढलेली असतात, आणि एखाद्याला ती काढावी न लागता नोकरी लागली तर त्यांना मनापासून वाईट वाटतं.

मुलाखतीची तयारी मात्र कसून करावी. मशीनबद्दल फारसं विचारत नाहीत. ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत, एक प्रसंग सांगा,’ असं विचारतात. खरं उत्तर, म्हणजे आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही आणि प्लँट व्यवस्थित चालला, हे देऊ नये. ‘आम्ही केलं’ असंही म्हणू नये. जन्मभर ‘मी मी करू नये’ असं आईने शिकवलेलं एका आठवड्यात विसरावं. सुरुवातीच्या गप्पांसाठी हवामान आणि हॉकी पुरे. टोरंटो मेपल लीफ्सने स्टॅनली कप शेवटचा जिंकला तोही १९६७ मध्ये. गुणपद्धत आली त्याच वर्षी. तेव्हापासून या शहरात ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणणाऱ्यांची कधी उणीव भासलेली नाही. तुम्ही त्यांत सहज मिसळाल.

ज्यांना नावापुढे पी.इंज. लावायचं आहे त्यांच्यासाठी पूर्वी फार सुबक व्यवस्था होती. ऑन्टारिओत परवान्यासाठी परवानाधारक इंजिनीअरच्या देखरेखीखाली कॅनडातला वर्षभराचा अनुभव लागे. तो मिळायला नोकरी, आणि नोकरीच्या दारात पुन्हा तोच प्रश्न. मे २०२३ मध्ये ही अट गेली. परवाना देणाऱ्यांनी विचारणं सोडलं; नोकरी देणाऱ्यांनी सोडलं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता नव्या कायद्याविषयी. ऑन्टारिओच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ सालीच कॅनडाच्या अनुभवाची अट सकृद्दर्शनी भेदभाव ठरवली होती. १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ मागता येत नाही. जाहिराती त्यामुळे स्वच्छ दिसतात. तुम्ही आता ‘फिट’ हा शब्द शिकून घ्यावा. तुमचं सगळं उत्तम असतं, फक्त टीममध्ये फिट बसत नाही. आणि कशामुळे, हे विचारण्याची इथे पद्धत नाही. चोवीस माणसांच्या कंपनीत अर्ज केलात तर जुना शब्दही ऐकायला मिळेल.

त्याच कायद्यांच्या मालिकेत दुसरीही सोय झाली आहे. मुलाखतीनंतर पंचेचाळीस दिवसांत मालकाने कळवायचं असतं. काय कळवायचं? निर्णय झाला की नाही, एवढंच. तेव्हा फोनमध्ये गजर लावून ठेवावा, आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी ‘अद्याप निर्णय झालेला नाही’ असा ईमेल आला, की तो ‘कायदेशीर उत्तरं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून स्टील-टो बूट चढवावेत. गोदामाची पाळी साडेपाचला सुरू होते.