पॉइंट कशाचे देता?

रोल-प्लेइंग गेमची पारख मी एका प्रश्नावर करतो: हा गेम पॉइंट कशाचे देतो? चित्रं किती देखणी आणि नकाशा किती मोठा, हे नंतर बघू. बनवणाऱ्याला खेळणाऱ्याकडून काय करून घ्यायचंय, ते पॉइंटच्या हिशेबात उघडं पडतं.

हा हिशेब कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. टेबलाभोवती बसायचं, कागद-पेन्सिल घ्यायची, फासे टाकायचे. अनुभवाचे पॉइंट साठले की पात्राची लेव्हल वाढायची. त्यात भुयारातून खजिना बाहेर आणल्याचेही पॉइंट होते, सोन्याच्या एका नाण्याला एक. मग शहाणे खेळाडू राक्षसाशी भिडायचेच कशाला? त्याला चकवायचे, नाहीतर बोलण्यात गुंतवायचे आणि सोनं घेऊन पसार व्हायचे. एका नियमाने खेळाचा सगळा स्वभाव ठरला.

जपानमध्ये 1988 साली आलेल्या ‘फायनल फँटसी 2’ने लेव्हलच काढून टाकली. जे वापराल ते वाढेल, असा नियम. तलवार चालवली की तलवारीचा हात सुधारणार, मार खाल्ला की मार सोसायची ताकद वाढणार. कल्पना उत्तम होती. पण खेळाडूंना लगेच कळलं की आपल्याच साथीदारांना बडवलं की ताकद झटपट वाढते, आणि त्यांनी तेच केलं. 2011च्या ‘स्कायरिम’मध्ये ड्रॅगन मारायला निघालेले वीर भट्टीपाशी उभे राहून लोखंडी खंजीर ठोकत बसले, कारण लोहारकामाची लेव्हल त्यानेच सगळ्यात स्वस्तात वाढायची. खेळाडूंना मी दोष देणार नाही. ज्याला मार्क आहेत तेच पोरं वाचणार. चूक पेपर काढणाऱ्याची.

सगळ्यात बिघडलेला पेपर 2006च्या ‘ऑब्लिव्हियन’चा. हा गेम मला फार आवडतो, म्हणूनच त्याचा राग जास्त येतो. तुमची लेव्हल वाढली की जगातल्या शत्रूंचीही वाढते. काही तासांनी रस्त्यावरचे भुरटे लुटारू महागडी चिलखतं घालून समोर येतात आणि शंभर मोहरा मागतात. अंगावरचं चिलखत विकलं तर त्यांना जन्मभर पुरेल! त्यात लेव्हल वाढताना नीट बोनस मिळवायचा तर कोणतं कौशल्य किती वेळा वापरलं, याची टिपणं ठेवावी लागायची. ज्यांनी ती ठेवली नाहीत, मनासारखं खेळले, ते लेव्हलगणिक दुबळे पडत गेले. मनासारखं खेळणाऱ्याला शिक्षा करणारी व्यवस्था कितीही गुंतागुंतीची असली, तरी ती वाईटच. 2025 साली हा गेम नव्या रूपात आला तेव्हा बनवणाऱ्यांनी लेव्हलची ही पद्धत बदलली. बरं केलं, पण एकोणीस वर्षं लागली.

आता चांगलं बघू. 2019 साली ‘डिस्को एलिसियम’ आला. लिहिणारी मंडळी एस्टोनियातली, त्यांचा म्होरक्या रॉबर्ट कुर्वित्झ. एक पोलीस डिटेक्टिव्ह खानावळीवरच्या खोलीत शुद्धीवर येतो. इतकी दारू प्यायलाय की स्वतःचं नावही आठवत नाही. मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत लटकतंय आणि त्याचा तपास याच्याकडे आहे. मारामारीची वेगळी व्यवस्था या गेममध्ये नाहीच. आहेत ती चोवीस कौशल्यं, आणि ती चोवीसही बोलतात.

हे ‘बोलतात’ शब्दशः घ्या. तर्क, सहानुभूती, अधिकार, नाटकीपणा, सगळे डोक्यातले वेगवेगळे आवाज आहेत. इतर गेममध्ये एखाद्या कौशल्यात पॉइंट टाकला की आकडा वाढतो आणि पात्र वरचढ होतं. इथे पॉइंट टाकला की तो आवाज मोठा होतो. अधिकार वाढवलात, तर समोरच्याला दरडाव, त्याला तुझा मान ठेवायला लाव, असा लकडा तो लावतो. ज्ञानकोश वाढवलात, तर काम अडलेलं असताना तो भलतीच माहिती पुरवत बसतो. इलेक्ट्रोकेमिस्ट्री वाढवलीत, तर दारू आणि ड्रग्जची तलफ तुमच्या कानाशी लागते. गुण वाढला की त्याच्याबरोबर खोडही वाढते. माणसं अशीच असतात, आणि व्हिडिओ गेमच्या आकड्यांतून हे इतक्या नेमकेपणाने मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्यात विचारांचं एक कपाट आहे. गोष्टीत सुचलेला एखादा विचार तुम्ही कपाटात ठेवता. तो मुरायला वेळ लागतो आणि मुरेपर्यंत बऱ्याचदा नुकसानच करतो. मुरल्यावर काय मिळणार हे आधी सांगत नाहीत. नको झालेला विचार काढून टाकायचा, तर कमावलेला एक पॉइंट खर्च करावा लागतो. मनातली एक समजूत घालवायलाही किंमत पडते! ज्याला ही व्यवस्था सुचली, त्याने माणसं नीट पाहिलेली आहेत.

फासा उलटा पडला तरी गोष्ट बहुतेक वेळा थांबत नाही, वेगळ्या वाटेने पुढे जाते. डिटेक्टिव्हची फजिती होते, सोबतचा लेफ्टनंट किम कित्सुरागी ती शांतपणे बघतो आणि तपास चालू राहतो. हरण्यालाही जागा ठेवली म्हणून जिंकण्याला वजन आलं.

2015चा ‘अंडरटेल’ याहून कडक आहे. टोबी फॉक्सच्या या गेममध्ये कोणालाही न मारता, पहिल्या लेव्हलवरच राहून शेवट गाठता येतो. लेव्हल वाढते ती मारल्यानेच. सगळ्यांना मारून शेवटापर्यंत गेलात, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं तरी गेम ते विसरत नाही.

ही झाली माणसाचा विचार करून काढलेली व्यवस्था. उलट टोकाला ‘असॅसिन्स क्रीड ऑडिसी’ घ्या. 2018 साली युबिसॉफ्टने तो पूर्ण किमतीला विकला. प्राचीन ग्रीस इतका सुंदर उभा केलाय की नुसतं भटकत राहावं. पण मुख्य गोष्ट पुढे न्यायची, तर लेव्हल लागते, आणि ती साठवायला पुष्कळ किरकोळ कामं उपसावी लागतात. त्याच गेमच्या दुकानात दीडपट पॉइंट मिळवून देणारा कायमचा बूस्ट वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवलेला. आधी रस्ता लांब करायचा, मग शॉर्टकट विकायचा! बूस्टशिवायही गेम पुरा होतो, असा बचाव करणारे भेटतात. मला तो पटत नाही. आपलाच गेम कमी खेळायला लागावा म्हणून गिऱ्हाइकाकडून पैसे घेणाऱ्याचा स्वतःच्या मालावर विश्वास उरलेला नाही.

आपल्याकडे पुष्कळ पोरांची लेव्हलशी पहिली ओळख फोनवर होते. तिथल्या काही गेममध्ये ‘रॉयल पास’ नावाची बक्षिसांची शिडी असते. तिच्यावरचा दर्जा यूसी हे गेममधलं चलन टाकून वाढवता येतो आणि यूसी पैसे टाकून मिळतात. लेव्हल ही विकत घ्यायची गोष्ट आहे, असंच त्या पोरांना वाटलं तर नवल नाही. म्हणूनच दुसरी बाजू मुद्दाम सांगायला हवी. बेल्जियमच्या लॅरियनचा ‘बाल्डर्स गेट 3’ 2023 साली आला. शंभर तास सहज खाणाऱ्या त्या गेममध्ये लेव्हल फक्त बारा. पण दर लेव्हलला पात्राचं काय करायचं याचा खराखुरा निर्णय घ्यावा लागतो, आणि बारापैकी एकही लेव्हल विकत मिळत नाही.

हा गेम आणि ‘डिस्को एलिसियम’ मोठ्यांचे आहेत, लहान मुलांच्या हाती देऊ नका. पण मुलाने कोणत्याही गेमसाठी पैसे मागितले, तर देण्याआधी शेजारी बसून त्याचं दुकान उघडायला सांगा. तिथे लेव्हल किंवा एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) विकायला ठेवलेले दिसले, तर पैसे देऊ नका, आणि का देत नाही ते त्याला नीट समजावून सांगा.