चारपट्टी

तिवसा तालुक्यात कापूस, तूर, सोयाबीन आणि रेसर भाऊ ही चार पिकं हमखास येतात. पहिल्या तिघांना पाऊस लागतो. चौथ्याला जुनी स्विफ्ट, रिकामा रविवार आणि मोबाईलला रेंज एवढं पुरतं.

आमचे रेसर भाऊ सापडतात ते कुऱ्ह्याहून कौंडण्यपूरला जाणाऱ्या रस्त्यावर. गाडी पांढरी, पुढच्या काचेवर ‘आई रुक्मिणी’, मागच्या काचेवर ‘रेसिंग’. वेग ताशी 30, कारण पुढे ट्रॅक्टर. आणि त्या 30 च्या वेगात भाऊंच्या अंगावर लालभडक चार पट्टे: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, मधोमध गोल कुलूप. पुढचा ट्रॅक्टरवाला मांडी घालून, बिडी ओढत चाललेला असतो.

2022 पर्यंत भाऊंनी जन्मात पट्टा लावला नव्हता. गाडी टुंगटुंग करते म्हणून नुसती क्लिप कुलपात खोचून ठेवायची. त्या सप्टेंबरात पालघरला मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, आणि मागच्या सीटवरही पट्टा लागतो हे देशाला कळलं. डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि जिल्ह्याला ताशी 120 ची मुभा मिळाली. भाऊंनी दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या. पण शून्यावरून एकावर येणं हा त्यांचा स्वभाव नाही. ते थेट चारावर गेले.

“साधा पट्टा भेकडायले रायते,” भाऊ पानठेल्यावर सांगतात. “रेसर लोकं हार्नेस लावतात. टीव्हीवर पाय ना.”

टीव्हीवर आणखीही बरंच दिसतं, पण भाऊंनी फक्त पट्टे पाहिले. पाठीला धरून ठेवणारी खोलगट सीट, छत चेपू नये म्हणून आतून केलेला लोखंडी पिंजरा, हेल्मेट आणि मान जागेवर राहावी म्हणून खांद्यावर बसणारी चौकट, हा सगळा एकच संसार आहे. शर्यतीचा पट्टा छाती आवळून धरतो. डोकं मात्र मोकळंच, ते पुढे झेपावतं आणि भार मानेवर येतो. 2001 साली डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर होऊन गेले, तेव्हा त्यांच्याकडे ती चौकट नव्हती. 2003 पासून फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची झाली. भाऊंच्या मानेभोवती दुपट्टा असतो. तोही आता छातीवर असतो, कारण कंपनीच्या साध्या सीटवर खांद्याचे पट्टे सारखे घसरतात. ते दोन्ही एकत्र आवळायला भाऊंनी दुपट्ट्याची गाठ मारली आहे.

मुळात शर्यतीच्या हार्नेसला पट्टे असतात पाच किंवा सहा. पाचवा कुठून जातो हे कळल्यावर भाऊंनी चारच घेतले. तो जांघेतला पट्टा कमरेच्या पट्ट्याला खाली धरून ठेवतो. तो नसला की धडकेत खांद्याचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला वर पोटावर ओढतात आणि माणूस खालून सटकतो. हाडाऐवजी भार आतड्यांवर येतो.

बसवण्याचं काम अमरावतीच्या एका मिस्त्रीनं केलं. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा नियम असा की प्रत्येक मुख्य बोल्टनं सुमारे 1,500 किलोचा, म्हणजे 15 क्विंटलचा, ताण सोसला पाहिजे आणि नव्या भोकाच्या मागे 3 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवी. मिस्त्रीनं बोल्टवर हातोडी मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, “हत्ती बांधा!” खांद्याचे पट्टे खांद्यामागे जवळपास आडवे जावेत, उतार शक्यतो 10 अंशांच्या आत, 45 च्या पुढे तर मुळीच नको, नाहीतर धडकेत ते खांदे खाली दाबतात आणि मणके चेपतात. आमच्याकडे कंपासपेटी दहावीनंतर कोणी उघडत नाही. मिस्त्रीला मागच्या सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट तयार मिळाले. ते पट्टे काढून त्यानं भाऊंचे तिथे कसले.

बियाण्याच्या पिशवीवरची तारीख भाऊ दुकानदाराला दोनदा वाचायला लावतात. हार्नेसलाही मुदत असते, आणि ती पट्ट्याच्या लेबलवर छापलेली असते. पण ते लेबल दुपट्ट्याच्या गाठीखाली आहे.

खरी गंमत तर पुढेच आहे. 1959 साली व्हॉल्वोसाठी तीन टोकांचा पट्टा काढणारा नील्स बोलीन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांतल्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा. चारी बाजूंनी बांधलेले वैमानिक त्यानं रोज पाहिले होते. तरी मोटारीसाठी त्यानं तीनच टोकं धरली, कारण साध्या माणसाला एका हातानं लावता येईल तोच पट्टा रोज लावला जातो. हा पट्टा एरवी ढिला असतो, धडकेत अडकतो, एअरबॅगशी जुळवून घेतो आणि पिंजरा नसलेली गाडी उलटली तर माणसाला थोडं कलायला वाव देतो. भाऊंना कलता येत नाही. त्यांना डॅशबोर्डच्या खणापर्यंत हातही नेता येत नाही. पोलिसांनी अडवलं की म्हणतात, “सायेब, कागदं तेवढी तुम्हीच काढा.” साहेब कागदांबरोबर कलम 52 ही काढतात: कंपनीच्या रचनेत परस्पर बदल. कंपनीच्या कुलपात ती रिकामी क्लिप अजूनही खोचलेली असते.

आईला एकदा हौसेनं स्वतःच्या सीटवर बसवून बांधलं, तर माउली म्हणाली, “माह्या बाळंतपणात पोट बांधाले बी एकच पट्टा लागला होता रे.” आणि कौंडण्यपूरला कार्तिकाच्या यात्रेत पारावरच्या आबाजींनी अडवलं: “रुक्मिणीले इथूनच रथात नेली, मांगून रुक्मी लागला होता. काऊन, पट्टा होता का कोणाले?”

भाऊ म्हणाले, “आबाजी, त्या रथाले छत नव्हतं.”

एवढं एकच वाक्य ते या विषयावर शास्त्रशुद्ध बोलले, आणि तेही चुकून.

यंदा भाऊंचं लग्न झालं. वहिनी आर्वीच्या, नदीपलीकडच्या. पहिल्याच फेरीला सासूबाईंना पुढे बसवून त्या मागे बसल्या, दोन्हीकडे चाचपलं आणि विचारलं, “माहा पट्टा कुठी हाय?” गाडी तिथूनच मिस्त्रीकडे वळली. उजवा बोल्ट सुटला आणि वहिनींचा पट्टा परत आला. डावा गंजून बसला होता, तो पुढच्या अमावास्येनंतर पाहू असं ठरलं. तोवर भाऊ तीन पट्ट्यांवर आहेत, आणि हे मॉडेल अजून इंडियात आलं नाही असं पानठेल्यावर सांगतात.